आजीव परवाना

"चन्नम्मा, पावणं आल्यावर तू फुडं येऊ नगंस," नागप्पांनी सुनेकडं न बघताच सांगितलं. "भवानी पेठंतली माणसं हायती, शिकल्याली. तुज्या केसचं त्यांच्या कानावर गेलंय. तू वाडग्यातच बस मेंढरांपाशी. अमरेशचं लगीन एकदा जमू दे."

चन्नम्माच्या हाताखाली शेंगाची पोळी होती. पहाटेपासून ती लाटत होती, कारण सोलापुरातून घर बघायला येणाऱ्या पाहुण्यांना शेंगाची पोळी आणि घट्ट दही द्यायचं हे तिनंच ठरवलं होतं... आणि आता त्या पोळ्या वाढायला शेजारीण येणार होती. तिनं लाटणं थांबवलं नाही. "बरं, मामा," एवढंच ती म्हणाली. सासऱ्यांना दुसरं उत्तर द्यायची सवय तिच्या जिभेला कधी लागलीच नव्हती, आणि सगळा घात तिथंच झाला होता.

अक्कलकोटच्या पुढं, कन्नड आणि मराठी एकाच घासात खाणाऱ्या त्या गावात ती वीस वर्षांपूर्वी सून म्हणून आली. सासू नव्हती. नवरा बिरुदेव मेंढरांमागं हिंडणारा, आणि दीर अमरेश सात वर्षांचं पोर. त्यानं तिला वैनी म्हटलंच नाही. पहिल्याच आठवड्यात 'अव्वा' म्हणाला. त्या बाजूला आईला अव्वा म्हणतात. तिसऱ्या वर्षी बिरुदेव रस्त्यात ट्रकखाली गेला. मूलबाळ झालं नव्हतं, माहेरचे न्यायला आले. पण अमरेशनं तिच्या पदराचं टोक आपल्या मनगटाला बांधून घेतलं आणि तसाच झोपी गेला... ती गाठ तिला सोडवेना. माहेरचे रिकाम्या हातानं परत गेले आणि ती त्या घरात राहिली ती राहिलीच.

त्या घराच्या दर्शनी भिंतीवर, देवीच्या तसबिरीशेजारी, एक कागद काच लावून टांगलेला होता. तो नागप्पांचा परवाना! तरुणपणी त्यांनी सोलापुरातल्या एका एजंटाला 'दारूचं लायसन काडून दे' म्हणून सांगितलं होतं, आणि त्यानं शिक्क्यासकट हा कागद आणून दिला. नागप्पांना अक्षर कळत नव्हतं, पण शिक्का कळत होता. दसऱ्याला देवीबरोबर त्या कागदालाही हळदकुंकू लागायचं. देवीच्या जत्रेला घरीच मडक्यात दारू काढायची आणि पहिली धार देवीपुढं ठेवायची, ही त्यांची पिढीजात रीत. आणि आपली रीत सरकारमान्य आहे, हा त्यांचा ताठा.

नवी नवरी असतानाच सातवी शिकलेल्या चन्नम्मानं तो कागद वाचला होता. "मामा, ह्यात आजीव परवाना लिवलंय, पर त्यो प्यायचा आन् जवळ बाळगायचा. काडायचा न्हाय."

नागप्पा मोठ्यानं हसले. "प्यायची मुभा दिली, मग काडायची न्हाय तर काय आभाळातनं पाडायची?" मग हसू पुसून ते म्हणाले, "सुनंनं कागदात डोकं घालू न्हाय." तिनं ते पुन्हा कधी घातलं नाही.

आणि चार वर्षांपूर्वी, जत्रेच्या आदल्या दुपारी, मागच्या छपरात मडकं चुलीवर असताना दारूबंदीचे लोक आले. नागप्पा घाबरले नाहीत. पटका सारखा केला, भिंतीवरचा कागद छातीशी धरला आणि नवरदेवासारखे पुढं गेले. साहेबांनी कागद वाचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग यायच्या ऐवजी कीव आली.

"बाबा, हा प्यायचा परवाना आहे. घरी दारू काढायचा परवाना कुणालाच मिळत नसतो. देवासाठी काढा, औषधाला काढा, विका नाहीतर विकू नका... काढली की गुन्हा." त्यांनी वही उघडली. "घर कुणाच्या नावावर आहे? आणि काढत कोण होतं?"

घर अमरेशच्या नावावर होतं. त्याची निवड त्याच महिन्यात झाली होती, तीही दारूबंदीच्याच खात्यात, जवान म्हणून. चारित्र्याची पडताळणी तेवढी राहिली होती; काढणारं कुणी पुढं आलं नाही, तर गुन्हा घराच्या मालकावर, म्हणजे त्याच्यावरच येणार होता. नागप्पा परत मिळालेला कागद नुसता उलटसुलट करत होते. चन्नम्माच्या ट्रंकेतही एक पत्र होतं, आठच दिवसांपूर्वी आलेलं: अंगणवाडी मदतनीस म्हणून नेमणुकीचं. वैधव्याच्या त्या दीर्घ अंधारात तिच्या स्वतःच्या नावानं आलेलं पहिलंवहिलं पत्र... तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. सत्तरीचा तो देह मटकन खाली बसला होता.

"मी काडत हुते, सायेब," ती म्हणाली. "ह्यास्नी कायबी म्हाईत न्हाय."

अमरेशची नोकरी वाचली, तिची नेमणूक गेली, तेही तिनं सोसलं. पण अमरेश सोलापुरातून आला तेव्हा नागप्पांनी त्याला सांगितलं की मी काढायचं कधीच सोडलंय, तुझ्या वैनीनंच माझ्या माघारी विकायला भट्टी लावली. आणि ती दाराआडून ऐकत असताना अमरेशनं ते खरं मानलं. त्या दिवसापासून त्यानं तिला अव्वा म्हटलं नाही. वैनीसुद्धा म्हटलं नाही. चार वर्षं तो तिला कोणत्याच नावानं हाक मारत नव्हता. 'पाणी द्या' म्हणायचा, परक्या बाईला म्हणावं तसं. गाव तिला भट्टीवाली म्हणे, त्याचं तिला एवढं वाटलं नाही, गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? पण ज्याला घास भरवला त्याच्या तोंडचं ते 'द्या'... त्यानं तिचं काळीज रोज थोडं थोडं करपत गेलं.

पाहुणे आले. वाडगं घराला लागूनच, मध्ये नुसता काटक्यांचा कूड. पलीकडचा शब्दन् शब्द तिला ऐकू येत होता. मुलीचे वडील बापूसाहेब कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, कागद दिसला की वाचल्याशिवाय राहायचं नाही ही त्यांची खोड.

"पोळी फार सुरेख झालीय. कुणी केली?" त्यांनी विचारलं.

"शेजारनीनं," नागप्पा म्हणाले.

चन्नम्माला हसू आलं आणि त्याच हसण्यातून डोळ्यांना धार लागली. तिनं एका कोकराला जवळ ओढलं. एवढा एक दिवस निभावू दे, लेकराचं लग्न जमू दे, मग मला कुणी बोलावलं नाही तरी चालेल, असं ती देवीला विनवत होती.

बापूसाहेब उठून भिंतीपाशी गेले असावेत. "हा तर दारू पिण्याचा परवाना! नागप्पा, हा देवाशेजारी कशाला लावलाय? पिता वाटतं तुम्ही?"

हे नागप्पांना झोंबलं. "पिणारा म्हणून लावला न्हाय, पावणं. आमच्या घरची रीत हाय ती. पन्नास वर्सं देवीसाटी काडली, पर एक थेंब कुणाला विकला न्हाय. धाड पडली त्या दिशीबी मडक्यापाशी मीच बसलो हुतो, पयली धार देवीम्होरं ठिवून..."

वाक्य तिथंच तुटलं.

"आण्णा," अमरेशचा आवाज आला, "त्या दिवशी मडक्यापाशी कोण बसलं हुतं?"

त्याचा आवाज चढला. "मी इचारतोय, आण्णा."

"मीच... तुजी नोकरी जाईल म्हणून ती आपणहून फुडं झाली. मी गप बसलो."

"आन् मला सांगितलं ते?"

"लेकाम्होरं बापाची लाज ऱ्हावी म्हणून," नागप्पा पुटपुटले, आणि त्यांचा आवाज विझला.

मग बापूसाहेबांनी विचारलं, "त्या बाई कुठं आहेत?" उत्तर ऐकू आलं नाही, नागप्पांनी वाडग्याकडं बोट दाखवलं असावं. "अस्सं! मग आम्हाला निघू द्या. जिनं घर वाचवलं तिला मेंढरांत बसवता, तर आमची पोर कुठं बसवाल?" गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. जे जमावं म्हणून ती तोंड लपवून बसली होती, ते ती लपली म्हणूनच मोडलं.

अमरेश वाडग्यात आला आणि लेंड्यांनी भरलेल्या जमिनीवर तिच्या पायाशी कोसळला. "अव्वा..."

चार वर्षं ह्या एका हाकेसाठी ती झुरली होती. ती आली तर आपण काय करू, किती रडू, हे तिनं मनात कितीदा रंगवलं होतं. आता हाक आली आणि आत काहीच हललं नाही. फक्त थकवा होता. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कारण हाताला ती सवय होती.

"आजच्या आज मी सायबास्नी लिवून देतो. कोर्टात खरं सांगतो," तो हुंदके देत म्हणाला.

"आता काय सांगशील, लेकरा? मागच्या मंगळवारीच मी कोर्टात गुन्हा कबूल केला. दंड भरला. निकाल लागला."

"मला का न्हाय सांगितलं?"

"तू मला हाक मारत न्हवतास," चन्नम्मा म्हणाली. "मग मी कुणाला सांगू?"

चाचरत त्यानं विचारलं, "आन् अंगणवाडी?"

"आता बारावी लागती. आन् वयबी गेलं माजं."

तो उठला, तरातरा घरात गेला, आणि भिंतीवरचा कागद काढून जमिनीवर आपटायला त्यानं दोन्ही हात वर केले. खांबाशी बसलेले नागप्पा म्हणाले, "फोड. त्येनंच घात केला."

चन्नम्मा दारात उभी होती. "नगं फोडू," ती म्हणाली. "त्या कागदानं कदी खोटं सांगितलं न्हाय."

अमरेशचे हात खाली आले. नागप्पांनी मान वर केली. त्यांच्या सुरकुत्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. "पोरी," ते म्हणाले. सूनबाई नाही, चन्नम्मा नाही, पोरी. "काय लिवलंय त्यात? वाच की एकदा. मी ऐकतो."

तिनं पदरानं काच पुसली, हळदकुंकवाचा जुना थर खरवडून काढला, आणि सासऱ्यांसमोर जमिनीवर बसून, एकेका शब्दावर बोट ठेवत, सातवीतल्या मुलीसारखं वाचायला सुरुवात केली. ह्या वेळी तिला कुणी थांबवलं नाही.