चौकोनी दांडीचा पुदिना

पुदिन्याच्या चटणीचं भांडं समरीननं सगळ्यांच्या देखत मोरीत उपडं केलं!

हुपरीहून आलेले तिचे आईवडील नुकतेच ताटावर बसले होते. नवरा तोहिद पाण्याचा तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. सासूचा, कुलसुमचा, चेहरा मात्र रागानं लालबुंद झाला.

"डोकं फिरलंय काय गं तुझं? पावण्यांसाठी केलेली चटणी व्हती की ती!"

"हातातनं निसटलं, अम्मी…"

"निसटलं? दोन्ही हातांनी धरून वतलंस! मी काय आंधळी हाय व्हय?"

समरीननं मान खाली घातली. खरं कारण अगदी ओठांवर आलं होतं, आणि नेमकं तेच तिला सांगायचं नव्हतं.

सदर बाजारात कुलसुमच्या हाताला नाव होतं. कुणाच्याही लग्नात बिर्याणीची डेग चढली, की कुलसुमला बोलावणं ठरलेलं. ती झाकण किलकिलं करायची, नुसता वास घ्यायची आणि म्हणायची, "मीठ कमी हाय." चाखायची गरजच नाही! तिच्या बिर्याणीत आणि चटणीत जाणारा पुदिना मात्र घरचाच. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाला लागून तो वाफा तिच्या नवऱ्यानं, मौलानं केलेला. धुणं विसळलेलं पाणी तिकडं वळत असे, दुपारी भिंतीची सावली असे. मौला गेला, वाफा राहिला.

समरीन सून होऊन आली, तेव्हा कुलसुमनं तिला आधी त्या वाफ्यापाशी नेलं होतं. "पुदिन्याची दांडी बोटांत फिरवून बघायची, पोरी. चौकोनी लागली पायजे. फुलं धरायच्या आधी शेंडे खुडायचे. आणि पानं काढली म्हणून दांड्या फेकायच्या न्हाईत. परत मातीत खोचायच्या. जगतात त्या." किती मायेनं शिकवलं होतं सारं! त्या दिवशी समरीनला वाटलं होतं, आपल्याला इथं दुसरी आई मिळाली.

मग गेल्या वर्षी कुलसुमला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. तिनं हे कुणालाही सांगितलं नाही. समरीनला कळलं ते एका सकाळी. गॅसचं बटण उघडं होतं, ज्योत नव्हती, खोलीभर उग्र दर्प भरला होता, आणि कुलसुम त्यातच शांतपणे लसूण सोलत बसली होती! समरीननं झटकन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि शेजारच्या खाला बोलावताहेत असं खोटंच सांगून सासूला अंगणात काढलं.

त्यानंतर तिला रोज एक गोष्ट दिसू लागली. सकाळी वाफ्याला पाणी घालून झालं, की कुलसुम एक पान खुडायची, बोटांत चुरडायची, नाकाशी धरून डोळे मिटून लांब श्वास घ्यायची… आणि मग ते पान हळूच खाली टाकायची. समरीन हे खिडकीतून बघायची. तोहिद कागलच्या एमआयडीसीत कामाला. त्याला कळलं असतं, तर गॅसच्या धसक्यानं त्यानं त्याच दिवशी आईच्या हातातली पळी काढून घेतली असती. आणि पळी गेल्यावर अम्मीकडं उरलं असतं काय?

म्हणून समरीन स्वयंपाकघरातून हलेनाशी झाली. अम्मीची पाठ वळली, की गॅस बघायची, मीठ सारखं करायची. नासलेलं दूध ओतून टाकायची आणि "माझ्यानंच सांडलं" म्हणायची. करपलेली भाजीसुद्धा तिनं आपल्याच नावावर घेतली. कुलसुमला वाटायचं, पोरगी वेंधळी तर आहेच, वर आपल्या पायात पाय घालते. हळूहळू जिभेला धार आली, गल्लीत गाऱ्हाणी गेली, आणि शेवटी आज तिनं व्याह्यांना बोलावून घेतलं होतं. समरीनला चार महिने माहेरी न्या, हे त्यांना जेवणानंतर सांगायचं ठरलं होतं.

आणि आजच हे घडलं! पावसानं वाफ्यात तण माजलं होतं. पानं हुबेहूब पुदिन्यासारखी, पण वास बोकडासारखा. कुलसुमनं घाईत, चष्म्याशिवाय, पसाभर खुडून आणलं. समरीन ताटं मांडून आत आली तेव्हा चटणी वाटून तयार होती, आणि वास तिच्या थेट डोक्यात गेला. ते तण पोटात गेलं तर काय होईल, कुणास ठाऊक! कुलसुम भांडं उचलून वाढायला निघाली होती… समरीननं ते हिसकावलं आणि ओतलं.

"लेकीचं चुकलं, ताई," तिचे वडील ताटावरून उठत म्हणाले. "आमी नेतो तिला."

"न्या," कुलसुम म्हणाली.

बॅग भरताना आईनं समरीनचा हात धरला. "खरं काय ते सांग की गं!"

"काय न्हाय, अम्मा. चूक माझीच हाय."

बॅग घेऊन ती स्वयंपाकघरातून निघाली, तेव्हा मागचं दार उघडं होतं. कुलसुम वाफ्यापाशी उकिडवी बसली होती. राग असो, नसो, उरलेल्या दांड्या तिनं कधी फेकल्या नव्हत्या. तिनं एक मातीत खोचली. दुसरी उचलली… आणि हात थांबला. ती दांडी बोटांत फिरवत राहिली. मग तिसरी फिरवली. गोल! लव असलेली, गोल दांडी! सवयीनं तिनं ती नाकाशी नेली, क्षणभर तशीच धरली, आणि मान वळवून मोरीकडं, मग समरीनकडं पाहिलं. समरीननं चटकन नजर चुकवली, पण उशीर झाला होता.

कुलसुम मातीच्या हातांनीच आत आली.

"समरीन, बॅग खाली ठेव." ती म्हणाली. "तोहिद, ऐक बाबा. तुझ्या आईला वास येत न्हाय. तापापासनं येत न्हाय. मी तुमच्या ताटात रानाचं तण वाढत व्हते… आणि ह्या पोरीनं ते माझ्यासाठी स्वतःवर घेतलं!"

कुलसुम सुनेकडं वळली. "कधीपासनं ठाऊक हाय तुला?"

"लई दिवस झालं, अम्मी."

"मग बोलली का न्हाईस? मी तुला एवढं टाकून बोलले… घराबाहेर काढाय निघालते की गं!"

"तुमी कुणाला सांगितलं न्हवतं," समरीन म्हणाली. "मग मी कसं सांगू?"

कुलसुमनं तिला मातीच्या हातांनीच कवटाळलं, आणि दोघी मनसोक्त रडल्या. हुपरीचे पाहुणे पुन्हा ताटांवर बसले. चटणीवाचूनच जेवण झालं, आणि बिर्याणी दोनदा वाढून घेतली गेली. गॅसपाशी एकटीनं जायचं नाही, एवढं तोहिदनं आईकडून कबूल करून घेतलं. पळीला त्यानं हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी मिळून वाफ्यातलं तण उपटलं. मग कुलसुमनं पुदिन्याचं एक पान खुडलं, बोटांत चुरडलं, आणि या वेळी समरीनच्या नाकाशी धरलं.

"सांग, कसा येतोय?"

समरीननं श्वास घेतला. "तिखट… मग गार. आणि मागनं जरा वल्या मातीचा."

कुलसुम डोळे मिटून ऐकत होती.

"व्हय," ती म्हणाली. "तसाच असायचा."