मान वळवणारा चेहरा

“पळा! त्यानं मान वळवली!” हर्षित ओरडला आणि सगळी पोरं गल्लीबाहेर धूम पळाली.

रोशनी एकटीच मागे राहिली. तिला कुणी हाकही मारली नाही. बोरगाव मेघेहून सुट्टीत वडनेरला मामाकडे आल्यापासून हे असंच चाललं होतं. हर्षित तिचा सख्खा मामेभाऊ, पण क्रिकेटच्या संघात ती नेहमी शेवटी उरायची.

तिनं गल्लीतल्या बंद खोलीच्या खिडकीतून पुन्हा पाहिलं. समोरच्या भिंतीवर पांढराफटक चेहरा! ती डावीकडे सरकली, तोही डावीकडे वळला. उजवीकडे सरकली, तो उजवीकडे!

जेवताना मामा म्हणाले, “त्या चेहऱ्याले पोरं भिऊन राह्यली. उद्या त्या गल्लीचं तोंडच बुजवतो. तिथं राह्यते कोण? एकटी कुसुमबाई. तिले भावाकडे धाडू.”

“पण त्यांना विचारलंत का?”

“तू जेव मुकाट्यानं!”

सकाळीच रोशनीनं एक लांब काठी घेतली आणि हर्षितला ओढत तिथं नेलं. गजांतून काठी आत घातली. ती चेहऱ्याच्या गालाला टेकली. नाकाला मात्र टेकेना! काठी आणखी आत गेली.

“हर्षित, नाक बाहेर नाहीच! आत गेलंय! हा चेहरा परातीसारखा खोलगट आहे!”

“पण मले तर बाहेर दिसून राह्यलं!”

“मलाही! आपण जन्मभर बाहेर आलेलीच नाकं बघितली ना? मग डोळे तसंच धरून चालतात. म्हणून तो वळल्यासारखा वाटतो!”

आवाज ऐकून कुसुमबाई किल्ली घेऊन आल्या. मागोमाग विटा घेऊन मामाही आले.

“माह्या मालकाचा साचा आहे तो, ते याच्यात देवीच्या मूर्ती करत,” दार उघडत त्या म्हणाल्या. “याच्या भेवानं लोक माह्याकडे येत नोहते? मले वाटे, माह्यावरच राग आहे.”

मामांनी त्या खोलगट चेहऱ्यात हात घातला आणि ते ओशाळले. “शाब्बास, पोरी! आम्ही एवढे मोठे, पण कोणी जवळ जाऊन पाह्यलंच नाई.” विटा परत गेल्या.

“चल, आज तू पहिली बॅटिंग करजो!” हर्षित म्हणाला.

रोशनी निघालीच होती. पण मामा गेले तरी कुसुमबाई दारात तशाच उभ्या होत्या.

“तू हो पुढे, मी येते,” ती म्हणाली आणि ओट्यावर बसली.

कुसुमबाईंनी दोन कप चहा आणला. एक तिला देऊन त्या ओट्याच्या टोकाला बसल्या.

“बोलाची सवयच राह्यली नाई, बाई,” त्या म्हणाल्या.

“इथं आल्यापासून मलापण,” रोशनी म्हणाली आणि त्यांच्याजवळ सरकली.