तिसरा दगड

उद्या सकाळी वादी साफ करायला जाणार म्हणे तुम्ही दोघं. जा की. प्लॅस्टिक उचला, डबे उचला, टायर सापडला तर तोही आणा. सुफियान, तू आत्ताच रत्नागिरीहून आलायस म्हणून सांगतो. वादी म्हणजे इथली, ओमानातली नदी. वर्षभर कोरडी ठणठणीत, आणि तिकडे डोंगरात पाऊस पडला की इथे डोक्यावर चांदणं असतानाही लोंढा येतो. हे मुआजला ठाऊक आहे. दगडाचं मात्र त्यालाही ठाऊक नाही. तो मोबाइल खाली ठेव रे आधी, आणि चहा ओत.

आपल्या मागच्या इमारतीत धनंजय राहतो ना, गुहागरकडचा, एसी दुरुस्तीवाला? हां, तोच, पांढऱ्या पिकअपचा. आपल्या रहिवासी कमिटीच्या बातम्या दर महिन्याला ग्रुपवर टाकतो तो. कुठला दिवा गेलाय, कुणाच्या बकऱ्या झाडं खातायत, कचऱ्याची गाडी का आली नाही. लोक हसतात त्याला. पण कामाला सगळ्यात पुढे तोच. त्याने मला हे इथेच, या गच्चीवर बसून सांगितलं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, रमजानला पंधराएक दिवस उरले असताना, त्याने कमिटीतर्फे वादीची सफाई काढली. बायकापोरांसकट सगळे गेले. कचरा भरून झाल्यावर त्यांच्या इमारतीच्या कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत मुलं कडुनिंबाची रोपं लावणार होती. आता आपल्या लोकांची खोड तुम्हाला माहीत आहे. रोप लावलं की आळं हवं, आणि आळ्याला दगडांची कड हवी. त्याशिवाय झाड लावल्यासारखं वाटतच नाही. गावी अंगणात जांभा पडलेला असतो, इथे वादी आहे. धनंजय म्हणाला, ज्याने त्याने आपल्या झाडाला दगड शोधा.

त्याची मुलगी यशश्री तेव्हा सहा वर्षांची. ती वादीच्या काठावरच्या उंचवट्यावर चढली आणि तिथून ओरडली, "बाबा, this one!" चपटा, करडा, छान दगड. पण तिला निघेना. मग बापाने जाऊन उपटला. उपटला म्हणतोय मी, कारण तो उभा होता, वीतभर जमिनीत रुतलेला. हातात आल्यावर धनंजयला क्षणभर वाटलंही, हा असा उभा कसा? पण पोर टाळ्या पिटत होती. त्याने तो पिकअपमध्ये टाकला. संध्याकाळी फोटोसकट बातमी गेली, मुलांनी झाडं लावली म्हणून. फोटोत दगडापाशी बसलेली यशश्री सगळ्यात पुढे.

त्या रात्रीपासून पोर झोपेना.

झोपेतून उठायची आणि बाहेरच्या दाराशी जाऊन उभी राहायची. रडणं नाही, ओरडणं नाही. एका रात्री तर स्टूल ओढून कडीपर्यंत पोचली. धनंजयची बायको कलावती, तिने जवळ घेऊन विचारलं, काय ग बाळा, कुठे निघालीस? पोरीचं मराठी तुम्ही ऐकलंय, अडखळत बोलते. म्हणाली, "बाहेर एक आँटी उभी आहे. ती बोलत नाही. ती फक्त असं करते." आणि तिने हात पुढे केला. पालथा नाही. उताणा, मागितल्यासारखा.

धनंजयने दार उघडलं. जिना रिकामा. दिवा लागलेला.

डॉक्टर झाला, नजर काढून झाली. पोर वाळायला लागली. डोळ्यांखाली काळं आलं, डबा शाळेतून तसाच परत यायचा. कलावतीने दाराला आतून वर, हात पोचणार नाही तिथे, कुलूप लावलं. धनंजयला काही सुधरत नव्हतं. कामावर जायचा, शिडीवर चढायचा आणि कशाला चढलो तेच विसरायचा.

मग आली जुमेरात, गुरुवारची संध्याकाळ. मगरिबच्या नमाजानंतर त्यांच्या इमारतीचे अर्बाब, म्हणजे मालक आले, सालिम, म्हातारा ओमानी माणूस. भाडेकरूंनी झाडं लावली म्हणून कौतुकाने बघत होते. यशश्रीच्या रोपाशी आले आणि थांबले. आपल्यासारखंच हिंदी बोलतात ते. म्हणाले, "ये पत्थर किधर से लाया?"

धनंजयने सांगितलं.

अर्बाब दगडापाशी खाली बसले. मग हळूच म्हणाले, आमच्या जुन्या कबरींवर नाव नसतं. नुसते दगड उभे करतात. पुरुषाला दोन, बाईला तीन. तिथे याच्या दोन्ही बाजूंना अजून दोन होते का?

होते. धनंजयच्या तोंडचं पाणी पळालं. होते ते, जड वाटले म्हणून त्याने सोडले होते.

अर्बाब रागावले नाहीत. सकाळी फज्रच्या नमाजानंतर दोघं जाऊन ठेवू, म्हणाले. इतक्यात दोघांचेही फोन वाजले. डोंगरात पाऊस सुरू झालाय, रात्री वाद्या येतील, कुणी उतरू नका. अर्बाबांना खालच्या बागेतल्या बकऱ्या हलवायच्या होत्या. "आज रात नहीं जाना, खलास," एवढं बजावून ते गेले.

धनंजय थांबणारच होता. पण वरून कलावतीची हाक आली. आवाज असा, की तो दोन-दोन पायऱ्या चढत पळाला. कुलूप होतं तसं होतं. दार बंद. आणि यशश्री दाराच्या बाहेर, जिन्यात बसलेली. कलावती आतून चावी लावत होती.

आता त्याच्या डोक्यात एकच. आज लोंढ्याने तो काठ नेला, तर उद्या दगड ठेवायचा कुठे? मागणारी मागतच राहील, आणि पोर दाराशी उभी राहून राहून संपून जाईल. त्याने रोपाजवळचा दगड उचलला आणि पिकअप काढली.

साडेआठ वाजले होते. वर आभाळ लख्ख. चांदण्या. वारा नाही. तो उंचवट्यावर चढला, मोबाइलचा उजेड लावून खाली ठेवला. दोन दगड होते. मधली जागा खडीने भरून आलेली. स्क्रूड्रायव्हरने उकरली त्याने, मग हाताने. दगड ठेवला. पडला. परत ठेवला. या बाजूला पडला. तो आपल्याशीच बोलायला लागला, माफ कर बाई, माहीत नव्हतं, माझी पोर लहान आहे...

दगड एका हाताने धरायचा आणि दुसऱ्याने खडी लोटायची. एका हाताने कितीशी लोटणार?

खडी भरायला लागली.

पटापटा भरायला लागली...

त्याने बघितलं. उजेडात त्याचा एक हात. आणि समोरून दोन. बायकी, म्हातारे, सुरकुतलेले. खडी लोटतायत. दाबतायत. तळव्याच्या मधोमध मेंदीचा गोल, रुपयाएवढा.

त्याने मान वर केली नाही.

मला म्हणाला, बाबाचाचा, मी वर बघितलं असतं तर आज इथे नसतो. तिथे तो नुसतं खाली बघत राहिला. दगड घट्ट बसला. हात थांबले. मग त्यातला एक पुढे आला आणि त्याने धनंजयचं मनगट ढकललं. एकदा. पुन्हा एकदा. जा, असं.

आवाज त्यानंतर आला. वरच्या अंगाने. लांबून.

तो पळाला. मोबाइल तिथेच. पिकअप रस्त्याला लागेपर्यंत मागे सगळी वादी भरून आली होती.

घरी आला तर यशश्री झोपली होती. आईच्या कुशीत, तोंड उघडं टाकून, गाढ. किती रात्रींनी. तो तिच्या उशाशी बसला आणि रडला. मोठा माणूस, पण रडला, त्यात लाज कसली.

सकाळी अर्बाबांबरोबर जाऊन आला. काठ खचत खचत कबरीपर्यंत आला होता आणि तिथे थांबला होता. तिन्ही दगड उभे. पुढच्या महिन्याच्या बातम्यांत त्याने एकच ओळ घातली, वादीतला दगड कुणी उचलू नये. का, ते लिहिलं नाही.

पण त्या सकाळी तो परत आला, तेव्हा कलावती पोरीची वेणी घालता घालता थांबली होती. पोरीचा उजवा हात तिने उघडून धरला होता. "ही कोणी लावली?" तिने नवऱ्याला विचारलं. तळव्याच्या मधोमध मेंदीचा गोल. घरात मेंदी नव्हती. पोरीला काही आठवत नव्हतं.

मेंदी किती टिकते रे, मुआज? तुझ्या बहिणीच्या लग्नातली किती टिकली? आठ दिवस, दहा दिवस... याला वर्ष झालं, गोल अजून तसाच.

परवा त्यांच्या जिन्यात भेटली मला यशश्री. अंगाने भरलीय आता, खिदळत होती. म्हणाली, चाचा, टाळी द्या. दिली मी टाळी.

घरी येऊन हात धुतला. पुन्हा धुतला.

अजून वास येतोय. हा घे, बघ... ताज्या मेंदीचा.