लाईनवर थांबलेला माणूस

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. मी तिथे होते, माझी मावशी तिथे होती, आणि ज्याच्यावर ही वेळ आली तो माणूस आजही हिंडतो-फिरतो आहे.

मध्यरात्र नव्हती. ओसाड बंगलाही नव्हता. शनिवारची दुपार होती आणि खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

जागा म्हणजे मावशीचं क्लिनिक. बँकेच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. ती लोकांचे कान तपासते आणि ऐकायची यंत्रं बसवून देते. मी समोरच्या टेबलावर असते. फोन घेते, नंबर लावते आणि उरलेल्या वेळात मावशीची बोलणी खाते.

कोणाच्या यंत्रात कुठला आवाज किती वाढवायचा, हे सगळं आमच्या एका कॉम्प्युटरमध्ये असतं. त्या उन्हाळ्यात तो कॉम्प्युटर बसला. ज्याच्या भरवशावर आम्ही होतो, तो दुरुस्तीवाला फोनच उचलेना. निम्मी माहिती गेली ती गेलीच. एक आजोबा तर कितीतरी दिवस नातवंडांच्या नुसत्या तोंडाकडे बघत बसले. मावशीला ते फार लागलं.

"परत असं झालं तर क्लिनिकला कुलूप लावीन," ती म्हणाली.

मावशी बोलते ते करते, हे मला माहीत होतं.

म्हणून कॉम्प्युटर सांभाळायला भरवशाची कंपनी शोधायची ठरली. त्यातही मावशीची तऱ्हाच वेगळी. "कान तपासल्याशिवाय मी कोणाला यंत्र देत नाही," ती म्हणाली. "मग यांना तरी न तपासता कशी घेऊ?"

आमच्याकडे एक आवाजबंद खोली आहे. मोठ्या कपाटाएवढी. जाड भिंती, जाड दार, मध्ये काच. पेशंट आत बसतो, आम्ही बाहेरून बघतो. आतला आवाज बाहेरच्या स्पीकरवर येतो. मावशीने ठरवलं, जो येईल त्याला आत बसवायचं. त्याने आपल्याच कंपनीच्या मदतीच्या नंबरवर साधा ग्राहक होऊन फोन लावायचा. पलीकडचा माणूस ऐकून कसं घेतो, ते आम्ही बाहेर बसून ऐकणार.

त्या दाराला कडी नाही. ना आतून, ना बाहेरून. लहान मुलं अडकतात म्हणून मावशीने काढून टाकली होती.

सकाळी एक चष्मेवाली बाई आली. दोघी मैत्रिणींची मिळून कंपनी. तिने फोन लावला, मैत्रिणीने उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे मला आत्ता नक्की सांगता येणार नाही. बघते आणि कळवते." मी नाक मुरडलं. मावशीने तिचा नंबर वहीत उतरवून घेतला.

दुपारी टायवाले साहेब आले.

बूट चकचकीत, फाइल चकचकीत आणि जीभ त्याहून चकचकीत. "मॅडम, आमच्याकडे पंधरा मिनिटांत तक्रार बंद. शंभर टक्के. आजवर एकही अपवाद नाही." मावशीच्या चेहऱ्यावरची काळजी किती दिवसांनी उतरलेली दिसली. तिने करार पुढे ओढला, पेनही उघडलं.

"तेवढं फोनचं करून टाका," ती म्हणाली. "मग सही करते."

साहेब हसत आत गेले. दार लागलं. त्यांनी नंबर लावला, मोबाइल समोर धरला.

गाणं सुरू झालं. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया लाईनवर थांबा.

आणि मग… गाणं मध्येच तुटलं.

कोणीतरी श्वास घेत होतं. जड. ओढून ओढून.

"हॅलो," साहेब म्हणाले. काचेतून आम्हाला डोळाही मारला. "मी ग्राहक बोलतोय."

"ऐकतोय, सर." आवाज तरुण होता. "तुम्ही ऐकताय ना?"

"कोण बोलतंय?"

"सर, मी खाली तळघरात आहे. बॅटऱ्यांच्या खोलीत. धूर होतोय. दार उघडत नाहीये. केव्हाचा लाईनवर थांबलोय, सर."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी फोन बंद केला. मी काचेतून बघितलं, स्क्रीन काळी होती.

तरीही स्पीकरमधून…

"तक्रार बंद करू नका, सर."

साहेब ताडकन उठले. दार ढकललं.

उघडेना.

मी बाहेरून ओढलं. मावशीनेही ओढलं. आतून कोणी दोन्ही हातांनी ओढून धरावं तसं ते दार घट्ट बसलं होतं. कडी नसलेलं दार. माझी तर बोबडीच वळली.

आत साहेब काचेवर मुठी मारत होते. ओरडत होते. पण स्पीकरवर ना मुठी ऐकू येत होत्या, ना त्यांचं ओरडणं. येत होता तो फक्त दुसरा श्वास… हळूहळू कमी होत जाणारा.

मग तोही थांबला.

दार आपणहून उघडलं. साहेब बाहेर येऊन कोसळले. मी पाणी दिलं, विचारलं, "साहेब, काय झालं?" ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"बोला ना," ते म्हणाले. "मोठ्याने बोला."

मी अक्षरशः किंचाळत होते.

करार तसाच राहिला. त्याच संध्याकाळी मावशीने चष्मेवालीला फोन करून काम तुमचंच म्हणून सांगितलं, आणि घडलं तेही सांगितलं.  मग चष्मेवालीने सांगितलं.

"मॅडम, मी आधी त्यांच्याच कंपनीत होते. आमच्यात एक मुलगा होता. वयाने सगळ्यात लहान, पण आम्ही त्याला तात्याच म्हणायचो. एका ग्राहकाकडे तळघरात, वीज गेल्यावर कॉम्प्युटर चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्या बदलायला त्याला एकट्याला पाठवलं. धूर झाला, दाराचं कुलूप अडकलं. खाली मोबाइल लागत नव्हता. भिंतीवर एकच फोन, तो थेट आमच्या मदतीच्या नंबरला लागायचा."

"मग कोणी उचलला नाही?"

"पंधरा मिनिटं होत आली की साहेब स्वतः लाईनवरचे फोन कापून तक्रारी बंद करायचे. आकडा बिघडायला नको ना. त्याचीही केली. न ऐकता. तात्या तिथेच गुदमरून गेला. आणि वर सगळीकडे सांगितलं, पोरगा पिऊन कामावर गेला होता. त्याने कधी थेंब घेतला नाही हो. त्याची आई अजून खाली मान घालून चालते."

मावशीने फोन ठेवला. त्या रात्री आम्ही दोघी जेवलो नाही.

काही दिवसांनी साहेब परत आले. या वेळी पेशंट म्हणून. सगळे डॉक्टर करून झाले होते, कानात कुठे काही दोष निघत नव्हता. मावशीने त्यांना आत बसवलं, कानाला हेडफोन लावले. बारीक आवाज दिला. मोठा दिला. एवढा मोठा, की मी बाहेर दचकले. त्यांनी एकदाही बटण दाबलं नाही.

पण ते आत कोणाशी तरी बोलत होते…

"हो, ऐकतोय. हो रे. ठेव ना आता फोन."

मावशीने कागदावर लिहून विचारलं, तो काय म्हणतो?

"आईला खरं सांगा म्हणतो. मग ठेवतो म्हणतो."

मावशीने खाली लिहिलं, मग सांगा.

साहेबांनी वाचलं. कागदाची नीट घडी केली, खिशात घातली.

"माझा वकील सांगू नका म्हणतो," ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका आईपुढे दोन वाक्यं बोलायची होती, बाकी काही नाही.

ते अजून येतात. मावशी दर वेळी तेच लिहून देते, ते दर वेळी घडी करून खिशात घालतात. खरं सांगू? मला त्यांची कीव येत नाही. झालं ते बरंच झालं असं वाटतं, आणि असं वाटतं म्हणून स्वतःचीच भीती वाटते. पण त्याहून जास्त भीती लाईनवरच्या त्या पोराची वाटते, जो थकत नाही.

मागच्या खेपेला साहेब खोकत खोकतच जिना चढून आले. तोंडाला रुमाल, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. मावशीने खिडक्या उघडल्या, पंखा लावला. खोकला थांबेना. ते भिंती चाचपत, भेदरून चारी बाजूंना बघत होते.

"एवढा धूर कुठून येतोय?" त्यांनी विचारलं.

आमच्या क्लिनिकमध्ये धूर नव्हता.