घड्याळजींचं पान

"माझे हे दुसऱ्यांदा गेले हो!" दारातच शेजारच्या काकूंनी हंबरडा फोडला आणि भावजींचा चहा बशीत सांडला.

भावजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. वहिनी गुन्ह्यांचा छडा लावत. भावजी मोठ्या उत्साहाने भलत्याच माणसाला पकडत.

काकूंचे यजमान घड्याळजी होते. दुरुस्तीला आलेलं प्रत्येक घड्याळ आणि त्याचा मालक यांची गंमत ते इंटरनेटवर लिहीत. ते गेल्यापासून ते पान वाचल्याशिवाय काकूंच्या घशाखाली घास उतरत नसे. आज तिथे काहीच नव्हतं.

"फोटो होते का त्यात?" वहिनींनी विचारलं.

"छे! फोटोचं त्यांना वावडं. नुसता मजकूर. कंपनी ती सेवाच बंद करणार होती, म्हणून मी लेकाला बजावलं होतं, बाबांचं सगळं तिथून काढ."

काकूंच्या घरी लेक आणि मामा, म्हणजे काकूंचे थोरले भाऊ, तोंडं फिरवून बसले होते.

"आईचा शब्द मी खाली पडू देत नाही," लेक म्हणाला. "उलट प्रश्न तर विचारतच नाही."

मामा घुश्शात होते. "मेहुण्यांनी माझी पार शोभा केली! घड्याळ स्वच्छ व्हावं म्हणून मी ते उकळत्या पाण्यात घातलं, हे जगाला सांगायची काय गरज होती?"

"म्हणून तुम्ही सूड उगवलात!" भावजी म्हणाले.

"मी फक्त फोटो काढले. सगळे."

"कबुली!" भावजींनी मामांचं मनगट धरलं. आज तरी आपण वहिनींच्या आधी, या कल्पनेनेच त्यांना भरून आलं.

"सोडा त्यांना, भावजी. जिथे एकही फोटो नव्हता, तिथून ते फोटो काढून टाकतील कसे? मामांनी मोबाइलवर त्या पानांचे फोटो घेतलेत. मजकूर उडवला तो लेकानं."

लेक गडबडला. "पण आईच म्हणाली, काढ!"

"त्यांना म्हणायचं होतं, काढून ठेव. तुम्ही समजलात, काढून टाक. एकदा उलट विचारायचं होतंत."

मामांनी मोबाइल पुढे केला. फोटोंच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा आला होता, पण अक्षरन्अक्षर वाचता येत होतं. काकूंना रडू आवरेना.

"पण दादा, तुझा तर त्यांच्यावर राग होता ना?"

"आहेच," मामा नाक ओढत म्हणाले. "पण माझ्यावर एवढं दुसऱ्या कुणी लिहिलंय का?"