वजीर गेल्यानंतरचा डाव

"थांबा. माझा डावा हात टेबलाला लागला."

तो असं म्हणाला आणि सगळा हॉल त्याच्याकडे बघत राहिला. बघणारच. सामन्याचा शेवटचा गुण, चेंडू समोरच्याच्या बॅटीला चाटून जमिनीवर गेलेला, टाळ्या सुरू झालेल्या... आणि हा बाबा हातात आलेला सामना आपण होऊन परत देत होता! टेबल टेनिसचा नियम साधा आहे. चेंडू खेळात असताना मोकळा हात टेबलावर टेकला की गुण गेला. पण टेकला की नाही, हे बघायला पंच असतो ना?

पंच ती होती.

"मी पाहिलं नाही," ती म्हणाली.

"मला कळलं ना पण."

"पंचानं पाहिलं नाही म्हणजे झालं नाही."

"पंचबाई, टेबलाला बोलता येत असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं." कपाळाला चिकटलेले केस मागे सारत तो हसला. "द्या गुण त्यांना. देऊन टाका."

तिनं दिला. पुढचे गुणही त्यानं घालवले, सामना घालवला आणि हरल्यावर इतका मनापासून हसला, की जिंकणाऱ्याला आपलंच काही चुकलं की काय असं वाटलं. जाताना त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. एकदाच. तिनं मान खाली घालून गुणफलकाचे आकडे उगाचच उलटसुलट केले.

'कुठेतरी पाणी मुरतंय,' ती मनाशी म्हणाली.

ते दिवस निराळे होते. खेळायचं तर समोर माणूस लागायचा, हातातल्या फोनशी खेळायची सोय नव्हती. पत्र्याच्या छपराचा तो हॉल संध्याकाळी भरून जायचा. दोन टेबलं, चार कॅरम, एक बॅडमिंटनचं कोर्ट, आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणारे म्हातारे रखवालदार. त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. ती दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची आणि संध्याकाळी इथे पंच म्हणून बसायची. दोन्ही कामं तिच्या स्वभावाला धरून होती. दुकानात ती डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा उजेडाकडे धरून वाचायची, आणि हॉलमध्ये तिच्या नजरेतून चेंडूवरची धूळही सुटत नसे.

म्हणूनच तो हात तिला दिसला नाही, हे तिच्या पचनी पडेना.

दोन दिवसांनी तो लंगडत दुकानात आला.

"पायाला बांधायची पट्टी द्या. रुंद."

"काय झालं?"

"बॅडमिंटन."

"परवा तर टेबल टेनिस होतं."

"परवा ते. काल हे. उद्या कॅरम, म्हणजे पायाला विश्रांती." त्यानं काउंटरवर कोपर टेकलं. "मी सगळंच खेळतो. काही येत नाही, हा भाग निराळा."

"नोकरीधंदा?"

"नकाशे काढतो. सरकारी कचेरीत. पण खरं विचाराल तर मी निवृत्त आहे."

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिशीही नीट उलटलेली नसावी. "कशातून?"

"बुद्धिबळातून. निवृत्त हौशी बुद्धिबळपटू. पेन्शन मात्र मिळत नाही."

तिला हसू आलं. ते तिनं पट्टीच्या खोक्यामागे लपवलं. पण त्यानं पाहिलं असणार, कारण तो जाताना लंगडायचं विसरला... दारापर्यंत पोचल्यावर त्याला आठवलं आणि मग त्यानं पाय ओढला. दुसराच पाय!

"मावशी, तो माणूस खोटारडा आहे," घरी आल्याआल्या तिनं जाहीर केलं.

तिची आई गेल्यापासून ती मावशीकडेच राहत होती. मावशी शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "कोणता माणूस?"

"आहे एक."

"दिसायला कसा आहे?"

"बरा आहे. म्हणून तर!"

"स्वभावाला औषध नाही म्हणतात ते काही खोटं नाही," मावशीनं दोरा दातानं तोडला. "तू तर औषधांच्या दुकानात बसूनसुद्धा बरी झाली नाहीस."

पण संशय मनात असला तरी पाय हॉलकडेच वळत. सामने नसले की तो तिला खुर्चीवरून खाली बोलवायचा. "पंचबाई, नुसतं बघून वजन वाढतं. या, एक कॅरम." आणि हरायचा. हसत हसत, पार पट रिकामा होईपर्यंत. राणी घालवायचा आणि म्हणायचा, "गेली बिचारी. तुमच्याकडे सुखात राहील." टेबल टेनिसमध्ये हरायचा, बॅडमिंटनमध्ये फूल त्याच्या डोक्यावर पडायचं आणि तो दोन्ही हात जोडायचा. छपरावर पाऊस वाजत असला की बोललेलं ऐकू यायचं नाही. मग तो गुण बोटांवर मोजून दाखवायचा आणि शेवटच्या बोटाशी जरा जास्तच वेळ थांबायचा.

तिला आवडायला लागलं होतं. आणि नेमकं तेच तिला नको होतं.

कारण गोड हरणारा माणूस तिनं एकदा पाहिला होता. लहानपणी एका उन्हाळ्यात तिचे वडील तिच्याशी रोज पत्ते खेळायचे आणि रोज हरायचे. "काय हुशार आहे माझी पोर!" म्हणायचे. ती नाचायची. सुट्टी संपली त्या सकाळी ते बॅग घेऊन गेले, ते गेलेच. दुसऱ्या गावी त्यांचं दुसरं घर होतं. आईला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिला, कारण ती जिंकत होती ना! तेव्हापासून तिनं एक गोष्ट मनाशी गाठ मारून ठेवली होती: कुणी मुद्दाम हरतंय, म्हणजे काहीतरी लपवतंय.

एके दिवशी कुलूपकाका खुर्च्या रचत सहज म्हणाले, "तुमचा तो हसरा गडी... पूर्वी बुद्धिबळाला इथंच बसायचा. काय खेळायचा! मोठमोठ्यांना घाम फोडायचा. चेहऱ्यावर माशी बसली तरी हलायचा नाही."

"हसायचा नाही?"

"हसायचा? अहो, मी एकदा कानाशी किल्ल्या वाजवल्या, हॉल बंद करायचाय म्हणून. ऐकूच आलं नाही त्याला! हरणं तर त्याला माहीतच नव्हतं."

म्हणजे ज्याला हरणं माहीत नाही, तो तिच्यासमोर महिनोन् महिने हरतोय. आणि ती मूर्खासारखी पुन्हा नाचतेय.

नेमका त्याच संध्याकाळी तो पायऱ्यांवर तिची वाट बघत होता. पाऊस नुकताच थांबला होता आणि वळचणीवरून थेंब पडत होते. हातातली छत्री तो उघडत होता, मिटत होता.

"पंचबाई, एक विचारायचं होतं. म्हणजे... तुमची हरकत नसेल तर मी तुमच्या मावशींना भेटायला येऊ? रीतसर?"

'या' असं म्हणायचं तिच्या मनात होतं. आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"बुद्धिबळ का सोडलंत?"

तो गोंधळला. "ते... त्यात हरलो की आठवडाभर झोप यायची नाही. जिंकलो तरी यायची नाही. टेबल टेनिसमध्ये हरलो की मला फक्त भूक लागते. म्हटलं, आपल्याला हाच खेळ बरा."

"आणि माझ्याशी मुद्दाम हरता."

"मुद्दाम? अहो, मला खरंच येत नाही!"

"मग येतं ते खेळा." ती एक पायरी वर चढली, त्याच्या डोळ्यांच्या पातळीत आली. "रविवारी. बुद्धिबळ. मला हरवा. अगदी खरंखुरं. मुद्दाम हरलात, तर मावशीकडे यायचं नाही, दुकानात यायचं नाही. लंगडत तर नाहीच नाही."

तो हसला नाही. पहिल्यांदाच. "मी तो खेळ खेळताना चांगला दिसत नाही," तो हळूच म्हणाला.

"तेच बघायचंय मला."

रविवारी दुपारी हॉलमध्ये दोघंच होते. कुलूपकाका दाराशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. तो तिला नियम सांगत होता, तिला येत असूनही. "सोंगटी नुसती सरळ करायची असेल तर आधी 'नीट करतो' म्हणायचं. न म्हणता हात लावला, तर तीच चालावी लागते. मग कितीही महागात पडो."

"माहीत आहे. खेळा."

पाचव्या-सहाव्या चालीला तो माणूस बदलला. हसू पुसलं गेलं, कान लाल झाले, खांदे पटावर वाकले. तिची प्यादी भराभर मारली गेली, मग उंट गेला. तिला भीती वाटली आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदमच. जरा उसंत म्हणून ती थर्मासमधून चहा ओतायला वळली...

"हात लागला," तो म्हणाला.

"काय?"

"घोडा उचलायचा होता. बाही वर करताना बोट वजिराला लागलं, आणि 'नीट करतो' म्हटलेलं नाही."

तिनं पट पाहिला. वजीर होता तिथे सुखरूप होता, पण हलवला तर जिथे जाईल तिथे तिचं काही ना काही टपून बसलं होतं.

"मी पाहिलं नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"मला कळलं ना पण."

तेच वाक्य! तोच साळसूदपणा! तिनं कप ठेवला. बशीत चहा सांडला. "कळलं. मलाही कळलं. जिंकत होतात ते बघवलं नाही तुम्हाला. असा हरायचा रस्ता शोधलात होय? शाब्बास!" तिनं पर्स उचलली. डोळे भरून आले होते आणि ते त्याला दिसायला नको होते. "येते मी."

"बसा."

ती थांबली. असा आवाज तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यात विनवणी नव्हती, गोडवा तर नव्हताच.

"डाव संपलेला नाही," तो पटाकडे बघतच म्हणाला. त्यानं वजीर सरकवला. "मारा."

ती बसली. तिनं वजीर मारला. 'आता हा राजा आडवा करणार आणि हसणार,' तिला वाटलं. 'गेला बिचारा, तुमच्याकडे सुखात राहील, असं म्हणणार.'

पण तो लढायला लागला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. खिडकीतलं ऊन कॅरमवरून भिंतीवर चढलं. त्याचा चहा गार झाला, त्यावर साय धरली. त्याच्या ओठावर घामाचे थेंब जमले आणि त्यानं ते पुसले नाहीत. एक एक प्यादं तो असं पुढे ढकलत होता जणू त्याच्यापाशी तेवढंच उरलं होतं. ती विचारून-विचारून चाली करत होती, स्वतःलाच. तिचा वजीर पटाच्या पार त्या टोकाला प्यादी खात बसला होता, आणि तिला वाटत होतं की आपलं झकास चाललंय.

मग त्याचा हत्ती खाली उतरला. घोडा आधीच येऊन उभा होता, तो तिनं धरलाच नव्हता हिशोबात.

"शह," तो म्हणाला. आणि क्षणभरानं, "...आणि मात."

तिनं पाहिलं. राजा कोपऱ्यात होता. इकडून हत्ती, तिकडून घोडा. पळायला जागा नाही. तिनं पंचाच्या डोळ्यांनी पुन्हा पाहिलं, घराघरावर बोट फिरवून पाहिलं. कुठेही फट नव्हती. वजीर गेल्यावर जो माणूस असा झुंजला, तो हरायला बसलेला नव्हता. आणि बोट लागलं होतं ते लागलंच होतं. त्या पहिल्या दिवशीचा डावा हातसुद्धा.

तो हळूहळू परत आला. आधी त्यानं डोळे चोळले, मग पट पाहिला, मग तिचा चेहरा. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"अहो... अहो, मी जरा जास्तच..." तो चाचरला. "म्हणूनच मी हा खेळ... मी सांगितलं होतं ना, मी चांगला दिसत नाही... एक कॅरम लावू या का? त्यात मी नक्की—"

"कॅरम खरंच येत नाही तुम्हाला?"

"नाही हो! वजीर गमावून जिंकता येतं, पण ती राणी माझ्या बापजन्मात भोकात गेलेली नाही."

आणि तिला हसू फुटलं. ओल्या डोळ्यांनी, तोंडावर हात न धरता ती हसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी इतकं खरं हरवलं होतं.

"लंगडणं मात्र खोटं होतं," ती नाक पुसत म्हणाली.

"ते खोटं होतं," त्यानं लगेच कबूल केलं. "पट्टी अजून खोक्यातच आहे. दुसरं काही मागायला सुचलं नव्हतं."

त्याचा हात पटाच्या कडेला होता, बोटांवर शाईचे डाग होते. तिनं त्यावर आपला हात ठेवला. अलगद. उचलला नाही.

त्याचे कान पुन्हा लाल झाले. "आधी... आधी सांगायचं असतं," तो पुटपुटला. "नीट करतेय म्हणून."

"नीट करत नाहीये."

"मग नियमाप्रमाणे..."

"पंच मी आहे," ती म्हणाली. "मला नियम शिकवू नकोस."

त्यानं मान वर केली. ते 'नकोस' त्याच्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागला. पोचलं तेव्हा तो असा काही हसला की तिला पहिल्या दिवसाचा तो हॉल आठवला, अर्ध्यावर थांबलेल्या टाळ्यांसकट.

"मावशीकडे कधी येऊ?" त्यानं विचारलं.

"उद्या. आणि नीट चालत ये."

दाराशी कुलूपकाका उठले. त्यांनी घसा खाकरला. मग कमरेचा जुडगा हलवून किल्ल्या वाजवल्या. एकदा, मग पुन्हा एकदा, चांगल्या जोरात. हॉल बंद करायची वेळ झाली होती.

या खेपेला दोघांनाही ऐकू आलं नाही.