शेवटच्या प्रवेशाची नक्कल

"उद्या संध्याकाळी पाचच्या आत मला एका कागदावर सही करायची आहे," लीलाबाई म्हणाल्या. "एक तर नाटक मागे घेते म्हणून, नाहीतर नोकरी सोडते म्हणून."

साताऱ्यात सायकलच्या दुकानावर लालासाहेब घोरपड्यांची खोली होती. लष्करी पोलिसात अठरा वर्षं काढून ते घरी आले आणि 'खाजगी तपास' अशी पाटी लावून बसले. सोबतीला कोंडीबा. एसटीचा कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ चहा फक्कड करी, आणि चुकीच्या माणसावर संशय घेण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात कोणी नव्हता.

लीलाबाई जगताप सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत शिकवत. वय चाळिशीच्या आसपास. पहाटेच्या गाडीनं आल्या होत्या आणि समोरच्या चहाला त्यांनी हात लावला नव्हता.

"नाटक कसलं?" लालासाहेबांनी विचारलं.

"मी लिहिलेलं. मुंबईच्या टीव्ही केंद्रानं घेतलंय. रविवारी रेकॉर्डिंग." त्या थोडं थांबल्या. "तासगावच्या बेदाण्याच्या शेडवर काम करणारी रखमा. नवरा फौजेत. शेडवर तिला चंपा भेटते आणि दोघींचा जीव एकमेकींवर बसतो."

"म्हंजी मैतरणी," कोंडीबा म्हणाला.

"नाही कोंडीबा. नवरा-बायकोचा बसतो तसा."

कोंडीबा आपला कप ढवळत बसला. साखर केव्हाच विरघळली होती.

"आणि नवऱ्यावर जीव नव्हता?" लालासाहेबांनी विचारलं.

"होता. तोही खरा होता. नेमकं तेच लोकांना झेपत नाही. एक तर हे, नाहीतर ते, एवढंच त्यांना कळतं." लीलाबाईंनी पदर बोटाला गुंडाळला. "शाळेच्या अध्यक्षांना निनावी पत्र आलंय. मला ते वाचूही दिलं नाही, लांबून दाखवून खणात टाकलं. आमच्या तालमी बंद दारामागे चालतात. नाटक पाच माणसांना ठाऊक आहे, आणि पाचही माझी माणसं आहेत. त्यातलं कोण, एवढं कळलं की कशावर सही करायची ते मी ठरवीन."

"पाच कोण?"

"मी. रखमाचं काम मीच करते. बसवणारे हंबीरराव. चंपा करणाऱ्या बनाबाई, नवरा करणारा कृष्णात. आणि जाईबाई. नर्स आहे. आम्ही दोघी एका बिऱ्हाडात राहतो, अकरा वर्षं झाली."

लालासाहेबांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. लीलाबाईंना ते कळलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"नोकरी गेली तर बिऱ्हाड मोडेल," त्या म्हणाल्या. "भाऊ मला कडेगावला घेऊन जाईल. जाईला कोणी नाही. नाटक मागे घेतलं तर घर राहील, पण त्यात आम्ही लपून राहणार. मला दोन्ही नको झालंय."

"जाईबाई तालमीला येतात?"

"एकदाही नाही. आम्ही दोघी बरोबर दिसलो की लोक बघतात. घरी मात्र माझी नक्कल रोज तीच धरते. शेवट कसा आहे हे मी तिला मुद्दाम सांगितलेलं नाही. मुंबईला नेऊन समोर बसवणार आहे."

नक्कल म्हणजे नटाच्या वाट्याची भाषणं उतरवलेली वही. ती घरच्या कुणाच्या तरी हातात द्यायची आणि आपण पाठ म्हणायचं, ही नाटकवाल्यांची जुनी रीत आहे.

दुपारच्या गाडीनं तिघं सांगलीला आली.

*

शाळेच्या अध्यक्षांनी पत्र टेबलावर ठेवलं, पण हातातून सोडलं नाही. पाकिटावर तासगावचा मंगळवारचा शिक्का होता. अक्षर डाव्या हातानं काढल्यासारखं वाकडंतिकडं होतं. लालासाहेबांनी ते वहीत उतरवून घेतलं.

'आपल्या शिक्षिका लीलाबाई जगताप यांच्या नाटकात एका फौजीची बायको दुसऱ्या बाईशी संसार मांडते. शेवटी त्या बाईलाच "जायाचं असंल तर आत्ताच. मागं वळून बघायचं न्हाई" असं सांगून हाकलते आणि नवऱ्याची होऊन राहते. लोक म्हणतील, बाईंनी स्वतःचंच लिहिलं. हे टीव्हीवर जाऊ नये. नाटक बंद करावं.'

"बाईंना नोकरीवरून काढा, असं यात कुठं आहे?" लालासाहेबांनी विचारलं.

"ते आम्ही ठरवलं," अध्यक्ष म्हणाले.

बाहेर येताच कोंडीबानं आपला निकाल दिला. "बनाबाई तासगावची हाय म्हनं. सुटलं की कोडं."

बनाबाई साठीच्या घरात होत्या. उभा जन्म फिरत्या कंपन्यांत गेलेला. मंगळवारी कुठं होता, असं विचारताच म्हणाल्या, "तासगावात, भनीकडं. लपवू कशाला?"

"हे काम करायची लाज नाही वाटली?" लालासाहेबांनी विचारलं.

"आवं, आमच्या कंपनीत बाप्ये लुगडी नेसून नाचायचे, तवा बाप्येच त्यांच्यावर जीव टाकायचे. त्या वक्ताला कुणी पत्र धाडलं न्हाई. आता दोन बायका म्हणल्यावर गावाला घाम फुटला व्हय?" त्यांनी पान जुळवलं. "माझं एकच दुखणं हाय. शेवटच्या प्रवेशात मला एक शब्द न्हाई. पडदा पडंस्तवर नुसती चुलीपाशी बसून असती."

कृष्णातला खरोखरच फौजेचा अनुभव होता. आता तो कोयनानगरला वसाहतीत नोकरी करी आणि तालमीसाठी रजा टाकून येई.

"भीती वाटती, खरं सांगतो," तो म्हणाला. "शेवटी मी ट्रंक उचलतो न् चालू पडतो. सासऱ्यानं बघितलं तर म्हणंल, फौजी गडी, आन् बायकोनं घालवला. पर पत्र मी न्हाई लिवलं. पलटणीत लय बघितलंय साहेब. दोन जीव एकमेकाला धरून ऱ्हात असले तर त्यात कुणाचं काय जातंय?"

हंबीरराव तालमीच्या खोलीत ट्रंकेवरच बसले होते. ट्रंकेची किल्ली त्यांच्या कमरेला होती.

"नाटकाची एक प्रत मुंबईला, एक ह्या ट्रंकेत. तिसरी नाही," ते म्हणाले. "मी जुन्या कंपनीत वाढलेला माणूस. नटाला अख्खं नाटक देत नाही. बाईंनी लिहिलं असलं तरी त्यांनाही नक्कलच." त्यांनी बनाबाईंची वही उघडून दाखवली. "हिची भाषणं काळ्या शाईत. त्याआधीच्या माणसाचे शेवटचे दोन-चार शब्द लाल शाईत. ते ऐकले की हिनं बोलायचं."

"लाल शब्द कोणाचे, ते लिहिलेलं नाही."

"कशाला लिहायचं? तालमीत कळतंच की."

"शेवट तुम्हाला पसंत होता?"

"नव्हता. बदला म्हणून बाईंच्या पाया पडायचाच तेवढा राहिलो. तरी बसवला, आणि चांगला बसवला."

परतताना कोंडीबा म्हणाला, "साहेब, शेवट पसंत न्हाई म्हणतोय त्यो. हंबीररावच."

"मघाशी बनाबाई होत्या."

"ते दुपारी," कोंडीबा शांतपणे म्हणाला.

*

शुक्रवारी सकाळी लालासाहेब लीलाबाईंच्या बिऱ्हाडी गेले. दोन खोल्या, एक स्टोव्ह, दोन खाटा, खिडकीत तुळस. लीलाबाई शाळेत गेल्या होत्या. जाईबाईंनी पाणी दिलं आणि बशीत बेदाणे ठेवले. रात्रभर झोपल्या नसाव्यात.

"गोड हाईत," कोंडीबा मूठ भरून म्हणाला.

"मंगळवारी तासगावला लस टोचायचा कॅम्प होता. तिथल्या एका बाईनं दिले."

"तुम्हाला नाटक कसं वाटलं?" लालासाहेबांनी विचारलं.

"माझ्या वाटण्याला काय किंमत? मी आपली नक्कल धरायची." जाईबाईंनी बशी उगाचच सरकवली. "नाटक मागं घेतलं तर सगळं पहिल्यासारखं हुईल न्हवं? तिची नोकरी ऱ्हाईल?"

"राहील."

"मग तिला तेवढं सांगा. माझं ऐकत न्हाई ती."

लालासाहेब उठले. दारात ते कोंडीबाला म्हणाले, "तीन वाजता सगळ्यांना इथं बोलाव. कृष्णातला म्हणावं, ट्रंक आण."

*

तीनला त्या खोलीत दाटी झाली. लीलाबाईंनी दोन कोरे कागद टेबलावर ठेवले होते.

"शेवटचा प्रवेश करून दाखवा," लालासाहेब म्हणाले. "जाईबाई, तुम्ही इथं माझ्याशेजारी बसा."

बनाबाई स्टोव्हपाशी जमिनीवर बसल्या. कृष्णात ट्रंकेजवळ उभा राहिला. लीलाबाई खोलीच्या मधोमध.

"आन् आपली इतकी वर्सं?" कृष्णात म्हणाला.

"ती खोटी नव्हती," लीलाबाई म्हणाल्या. "पर आता ह्या घरात एकाच माणसाला जागा हाय."

"मी जाऊ का?" कृष्णातनं विचारलं.

"जायाचं असंल तर आत्ताच. मागं वळून बघायचं न्हाई."

कृष्णातनं ट्रंक उचलली आणि दाराबाहेर गेला. लीलाबाई स्टोव्हपाशी गेल्या आणि बनाबाईंच्या शेजारी बसल्या. बनाबाईंनी नुसता त्यांचा हात हातात घेतला.

जाईबाईंच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

लालासाहेबांनी नाटकाच्या माणसांना अंगणात पाठवलं आणि दार लोटलं. आत दोघी बायका आणि कोंडीबा राहिले.

"पत्रात लिहिलंय की रखमा शेवटी चंपाला हाकलते," लालासाहेब म्हणाले. "तुमच्या नाटकात जातो नवरा. ज्यानं एक तालीम बघितली त्याच्याकडून ही चूक व्हायची नाही. हंबीरराव, बनाबाई, कृष्णात, तिघंही इथंच सुटले. पण पत्रातलं रखमाचं वाक्य शब्दाला शब्द बरोबर आहे. म्हणजे लिहिणाऱ्याकडे रखमाची नक्कल होती आणि फक्त नक्कलच होती. 'मी जाऊ का' हे लाल शब्द कोणाचे, ते तिच्यात लिहिलेलं नाही."

लीलाबाई हळूहळू उभ्या राहिल्या.

"रखमाची नक्कल या घरातून बाहेर गेली नाही. पत्र मंगळवारी तासगावात पडलं. तासगावचे बेदाणे कोंडीबानं सकाळी खाल्ले. आणि अजून एक. वाईट करायचंच असतं, तर लिहिणाऱ्यानं बाईंच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या बाईचं नाव पहिल्या ओळीत घातलं असतं. साऱ्या सांगलीला ते ठाऊक आहे. पत्रात ते नाही. नोकरीवरून काढा, असंही नाही. नाटक बंद करा, एवढंच."

"जाई," लीलाबाई म्हणाल्या.

"मला वाटलं, तू मलाच सांगतीयस." जाईबाईंचा आवाज फाटला होता. "रोज रात्री माझ्या तोंडाकडं बघून म्हणायचीस, एकाच माणसाला जागा हाय. मला वाटलं, कडेगावला स्थळ बघितलं असंल भावानं. तोंडानं सांगवत न्हाई म्हणून नाटकात लिवलं असंल."

"विचारायचं नाहीस?"

"आन् तू व्हय म्हणाली असतीस तर? नाटकच झालं न्हाई तर तू जाणार न्हाईस, असं येड्यागत वाटलं. नोकरीवर येईल हे ध्यानातच आलं न्हाई." त्या दाराकडे निघाल्या. "मी शाळेत जाऊन सांगते. मी लिवलं, खोटं लिवलं म्हणून."

"का लिहिलं, ते विचारतील," लालासाहेब म्हणाले.

जाईबाई थांबल्या. खरं कारण सांगितलं तर 'स्वतःचंच लिहिलं' हे पत्रातलं वाक्य अध्यक्षांच्या समोर सिद्ध होत होतं, आणि दुसरं कारण त्यांच्यापाशी नव्हतं. लालासाहेबांपाशीही नव्हतं. कोण हे त्यांनी शोधलं होतं, पण पुढं काय, हे त्यांना सुचेना, आणि त्यांना स्वतःचा राग आला.

साडेचार झाले होते.

लीलाबाई टेबलाशी बसल्या. एका कागदावर चार ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद कोंडीबाच्या हातात दिला. तो राजीनामा होता. दुसरा कागद त्यांनी फाडला.

"घर कशावर चालणार?" जाईबाई पुटपुटल्या.

"बघू."

जाईबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. अकरा वर्षांत त्या इतक्या परक्यासारख्या त्या खोलीत कधी उभ्या राहिल्या नसतील.

"मी जाऊ का?" त्यांनी विचारलं.

याचं उत्तर आता कोंडीबालासुद्धा पाठ झालं होतं.

लीलाबाईंनी पेनला टोपण लावलं.

"ते तुझं भाषण नाही, जाई. ते कृष्णातचं आहे," त्या म्हणाल्या. "तुझी जागा स्टोव्हपाशी. नक्कल घे आणि बस. रविवारी मला शेवटचा प्रवेश चुकवायचा नाही."